बेंगळुरूचा कष्टभत्ता

परदेशातून आलेल्या माणसाकडे आपण चॉकलेटं मागतो, फार तर फोटो दाखव म्हणतो. आमचे मोहितेअण्णा नोटीस मागतात. ज्या इमारतीत तुम्ही राहिलात तिच्या जिन्यात, लिफ्टमध्ये किंवा कचऱ्याच्या डब्यांपाशी जी नोटीस लावली असेल, तिचा फोटो काढून आणायचा. नाही आणला तर अण्णा आठवडाभर तुटक बोलतात. त्यांचं म्हणणं असं, की संग्रहालयं आणि पूल बघून देश कळत नाही. तिथली माणसं एकमेकांना काय करू नका म्हणून सांगतात, ते वाचायचं.

अशा नोटिशींची एक जाड फाइल त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात असते. जर्मनीतली आहे : रविवारी काचेच्या बाटल्या डब्यात टाकू नयेत, आवाज होतो. जपानमधली आहे : कचरा चुकीच्या पिशवीत भरला म्हणून पिशवीच परत दारात ठेवली होती, तिच्यावरचा कागद अण्णांनी सोडवून आणलाय. दुबईची आहे, बाल्कनीत कपडे वाळत घालू नका. कॅनडाची आहे, आपल्या दारापुढचा बर्फ आपण काढा. आणि नायजेरियातल्या लागोसची आहे, ती अण्णांची सर्वांत लाडकी. एका घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं : 'हे घर विकाऊ नाही.' तिथे म्हणे लोक दुसऱ्याचीच घरं परस्पर विकून टाकतात, म्हणून मालक आधीच लिहून ठेवतो.

"सरळ माणसं," अण्णा म्हणतात. "जे सांगायचं ते भिंतीवर. जर्मनीत माझ्या शेजाऱ्यानं दोन वर्षांत एकदाही दार वाजवलं नाही. चिठ्ठ्या मात्र सात चिकटवल्या. मला राग आलेला नाही, मी फक्त विचारतोय. हात दाराला लागतोच आहे, तर स्वल्प वाजवायला काय होतं?"

'मला राग आलेला नाही, मी फक्त विचारतोय' हे वाक्य आलं, की कँटीनमधले अनुभवी लोक ताट उचलून दुसऱ्या टेबलाकडे जातात. मी नवीन होते, म्हणून बसून राहिले. तेव्हापासून बसतेच आहे.

आमचा कारखाना बेंगळुरूजवळ होसकोटेला आहे. बिस्किटं, शांपू, मसाले पाकिटांत भरणारी यंत्रं आम्ही बनवतो. मुख्य कचेरी युरोपात. अण्णांचं काम यंत्र गिऱ्हाइकाच्या कारखान्यात नेऊन उभं करायचं आणि चालू करून द्यायचं. त्यामुळे तीस वर्षांत ते सहा देशांत राहून आले. कुठे चार महिने, कुठे दोन वर्षं. मी एचआरमध्ये. म्हणजे कोण कुठे जाणार, कुठे राहणार, त्याचा व्हिसा, त्याचा विमा, हे सगळं माझ्याकडे.

मी मूळची नाशिकची. पहिल्याच दिवशी अण्णांनी माझं आडनाव वाचलं आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काय तंगी, सगळं सरी आहे ना?" मला वाटलं, माझ्या पगाराची बातमी फुटली. मग कळलं, कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण आणि सरी म्हणजे ठीक.

अण्णांचं घराणं बेंगळुरूत तीन-साडेतीनशे वर्षं आहे. शहाजीराजांच्या वेळी आलेल्यांपैकी, असं ते सांगतात. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींची इतकी सरमिसळ, की मध्ये रेघ ओढता येत नाही. त्यांच्या संतापाचं एक मोठं कोठार इथेच आहे. इथला माणूस आडनाव ऐकून विचारतो, तुम्ही महाराष्ट्रातले का? आणि पुण्याहून आलेली आयटीतली मुलं त्यांचं बोलणं ऐकून कौतुकानं म्हणतात, काका, तुमचं मराठी किती छान आहे, कुठे शिकलात?

"साडेतीनशे वर्षं," अण्णा चमचा ताटावर आपटत म्हणतात. "कॅनडात पाच वर्षांत नागरिक करतात. मला राग आलेला नाही. मी फक्त विचारतोय, अजून किती थांबायचं?"

मी सर्जापूर रोडला राहते, तिथल्या आमच्या लिफ्टमध्येही एक नोटीस आहे : घरकामाच्या बायका, ड्रायव्हर आणि सामान पोचवणारे यांनी मागची लिफ्ट वापरावी. ती मी अण्णांना दाखवायला नको होती. त्यांनी ती चष्मा काढून वाचली, चष्मा लावून वाचली, आणि मला विचारलं, "तू कुठल्या लिफ्टनं जातेस?" मी म्हटलं, पुढच्या. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी जर्मनीशी बोलावं तसं बोलले.

एवढी ओळख पुरे. आता ज्या प्रकरणानं आमचा कारखाना हलला, ते सांगते.

मुख्य कचेरी दरवर्षी एक तक्ता पाठवते. जगातली कोणती शहरं परक्या माणसाला राहायला कशी आहेत, याचा. हवा, पाणी, डॉक्टर, शाळा, रहदारी, करमणूक असे रकाने आणि शेवटी एक श्रेणी. ए म्हणजे सुख, ई म्हणजे हाल. डी किंवा ई श्रेणीच्या शहरात कोणाला पाठवलं, तर त्याला पगारावर 'हार्डशिप अलाउन्स' मिळतो. हा तक्ता गुप्त नाही, पण आम्ही तो मिरवतही नाही. अण्णा निवृत्तीच्या कागदांसाठी माझ्याकडे आले होते, आणि तो माझ्या संगणकावर उघडा होता.

"हे काय?" त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. बेंगळुरूसमोर डी होता.

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "म्हणजे माझ्या गावात राहायचं म्हणून यांना कष्टभत्ता?"

"सगळ्याच कंपन्या देतात अण्णा."

"आणि मी जर्मनीला होतो तेव्हा?"

"जर्मनी ए आहे. तिथे नाही."

अण्णा माझ्यासमोर बसले. पुढचा पाऊण तास त्यांनी तक्ता एकेका ओळीनं वाचला. लागोसला ई बघून त्यांचा आवाज फाटला. लागोसला त्यांचा घरमालक रोज संध्याकाळी दारात येऊन उभा राहायचा आणि आज काय जेवलास म्हणून चौकशी करायचा. दोन आठवड्यांत त्यानं मोहिते हे नाव इतकं नीट उच्चारायला शिकून घेतलं, की पुण्याच्या लोकांना जमणार नाही. वीज जायची, पाणी जायचं, पण माणूस जायचा नाही. त्याला ई. आणि जपानमध्ये गाडी भरलेली असताना अण्णांच्या शेजारची जागा मात्र रिकामी राहायची, लोक उभे राहायचे पण तिथे बसायचे नाहीत, त्याला ए.

"हा रकाना कुठाय?" ते मला विचारत होते. "शेजारी बसतात का, हा रकाना?"

त्याच रात्री त्यांनी मुख्य कचेरीला सोळा मुद्द्यांचा मेल लिहिला. चौथा मुद्दा असा होता, की जर्मनीला जाणाऱ्या प्रत्येकाला रविवारपुरता वेगळा भत्ता मिळावा. उत्तर आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. अण्णांनी ते छापून नोटिशींच्या फाइलीत लावलं.

एवढ्यात पावेल आला.

पावेल हा मुख्य कचेरीचा माणूस, पन्नाशीचा, मूळचा चेक. उंच, वाकलेला, अगदी कमी बोलणारा. नवी यंत्रमाळ उभी करायला आठ महिन्यांसाठी त्याला आमच्याकडे धाडला होता आणि त्याचा जोडीदार म्हणून नेमके मोहितेअण्णा. कंपनीनं व्हाइटफील्डला त्याला छान सर्व्हिस अपार्टमेंट दिलं, गाडी दिली, ड्रायव्हर दिला. आणि अर्थात कष्टभत्ता.

अण्णांनी पहिल्या दिवसापासून त्याला धारेवर धरलं. सकाळी पावेल आत आला, की अण्णा घड्याळाकडे बघत इंग्रजीत विचारायचे, "गुड मॉर्निंग. आज काय कष्ट झाले?"

पावेलला थट्टा कळत नसे. तो विचार करून खरं उत्तर द्यायचा. "आज रस्त्यात दीड तास."

"तो सगळ्यांनाच होतो. तो कष्टात धरत नाहीत. दुसरं?"

पावेल पुन्हा विचार करायचा. "दुसरं काही नाही. हवा फार चांगली आहे."

"हे लिहून द्या," अण्णा म्हणायचे.

तीन महिने हे चाललं. अण्णा त्याच्या डब्यात डोकावायचे, त्याला डास चावला तर चावा बघायला जायचे. एकदा पावेलचं पोट बिघडलं, तेव्हा अण्णांनी आधी त्यानं काय खाल्लं याची चौकशी केली. एका महागड्या हॉटेलातलं त्याच्याच देशाच्या पद्धतीचं सॉसेज निघालं. "बघ," ते विजयानं मला म्हणाले, "आपली इडली निर्दोष आहे." मग गुपचूप त्याच्यासाठी घरून ताक आणि मऊभात घेऊन आले. पण हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं.

अर्धी मुदत झाली, की परदेशी माणसाकडून एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. आधी कोणकोणत्या देशांत राहिलात, त्यांच्याशी तुलना करता हे शहर कसं वाटलं. त्यावरून पुढच्या वर्षीची श्रेणी ठरते. अण्णांना हे माहीत होतं. फॉर्म आल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी हजर. बाह्या वर केलेल्या, खिशात पेन, सतराव्या मुद्द्याच्या तयारीनं.

"गुप्त असतो अण्णा," मी म्हटलं.

"मी त्याचा जोडीदार आहे. त्यानं माझ्या गावाला काय दिलं, ते मला कळलं पाहिजे."

मी नियमानं नाही म्हणायला हवं होतं. पण तो फॉर्म मी सकाळीच वाचला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो एकटीला जड झाला होता. मी पडदा त्यांच्याकडे वळवला.

पावेल याआधी मेक्सिको, तुर्कस्तान आणि व्हिएतनाममध्ये राहिला होता. त्यानं नीट, इंजिनियरसारखी तुलना केली होती. हवा : चारही ठिकाणांत बेंगळुरू उत्तम. जेवण : उत्तम. डॉक्टर : उत्तम. काम करणारी माणसं : फार हुशार. रहदारी : वाईट, पण सवय होते. अण्णांचा चेहरा खुलत गेला. मग खाली दोन प्रश्न होते. सुट्टीचा दिवस कसा घालवता? पावेलनं लिहिलं होतं : 'मी खाली लॉबीत बसतो. तिथे माणसं येतात-जातात. रखवालदार नमस्कार करतो.' आणि दुसरा, सहकाऱ्यांच्या घरी किती वेळा गेलात? मेक्सिकोसमोर त्यानं 'आठवत नाही, फार वेळा' लिहिलं होतं. तुर्कस्तानसमोर 'दर आठवड्याला'. व्हिएतनाम, 'पुष्कळदा'. बेंगळुरूसमोर शून्य.

शेवटी एकंदर श्रेणी त्यानं दिली होती सी. पुढे कंसात, 'मी थोडा थकलो आहे, म्हणून कदाचित शहराचा दोष नसेल.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. उठले आणि बाहेर गेले.

दुपारी कँटीनमध्ये ते उभे राहिले. जेवताना कोणी उभं राहत नाही, त्यामुळे सगळ्यांनी माना वर केल्या. पावेल त्या दिवशी गिऱ्हाइकाकडे गेला होता.

"मला राग आलेला आहे," अण्णा कन्नडमध्ये म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. "चाळीस जण आपण त्या माणसाबरोबर काम करतो. चार महिने. एकानं तरी त्याला घरी नेलं?"

कोणी म्हणालं, घर लहान आहे. कोणी म्हणालं, त्याला आपलं तिखट चालेल का? शिफ्टचा मंजुनाथ म्हणाला, बायकोला इंग्रजी येत नाही सार, ती लाजते. स्टोअरचा एक जण म्हणाला, त्यांना आवडत नाही म्हणे असं, त्यांना प्रायव्हसी लागते.

"कोणी सांगितलं?" अण्णा म्हणाले. "त्याला विचारलंस? मीही नाही विचारलं. मी रोज सकाळी त्याला आज काय कष्ट झाले म्हणून विचारायचो. तो काय सांगणार, की माझे कष्ट म्हणजे तू?"

ते बसले. समोरचं सांबार निवलं होतं. त्यांनी ते तसंच खाल्लं. माझ्याकडे बघून म्हणाले, "डी देऊ नका म्हणालो मी त्यांना. ई द्यायला पाहिजे होता."

त्या रविवारी अण्णा स्वतः मेट्रोनं व्हाइटफील्डला गेले आणि पावेलला घेऊन आले. कंपनीची गाडी घेतली नाही. गाडीनं नेलं तर ते कामासारखं दिसतं, म्हणाले. मला त्यांच्या घराजवळच्या चिकपेट मेट्रो स्टेशनबाहेर थांबायला सांगितलं होतं. "तू एचआर आहेस. एक साक्षीदार पाहिजे."

रविवार म्हणून साड्यांची बरीच दुकानं बंद होती. फुटपाथवर मात्र जुन्या हत्यारांचे ढीग मांडून लोक बसले होते आणि पावेल दर दहा पावलांवर एखादा पाना उचलून उजेडात धरत होता. पाच मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. अण्णा मुळीच चिडले नाहीत. एका दुकानदारानं पावेलला दुप्पट किंमत सांगितली, तेव्हा तेवढे चिडले.

घर गल्लीच्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. दार उघडलं शारदाअक्कांनी, अण्णांच्या पत्नीनं. ठेंगण्या, हसऱ्या, इंग्रजीचा एकही शब्द न येणाऱ्या आणि त्याची जराही लाज नसलेल्या. त्यांनी पावेलला मराठीत "या, पाय धुवा" म्हटलं आणि तो खरंच मोरीत जाऊन पाय धुऊन आला.

थंडीचे दिवस होते, म्हणजे बेंगळुरूत अवरेकाईचे दिवस. आपल्या पावट्यांच्या जातीचेच हे दाणे, पण इथे त्यांचा थाट वेगळा. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतला दाणा उडी मारून बाहेर येतो. हे एकट्यानं करायचं काम नव्हे. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली होती, मध्ये दाण्यांचं मोठं पातेलं. अक्कांनी पावेलला पाट दिला आणि एकदा करून दाखवलं.

त्याचा पहिला दाणा अण्णांच्या चष्म्यावर बसला. दुसरा खिडकीबाहेर गेला. तिसऱ्यापासून त्याला कोन सापडला, आणि मग तो इंजिनियर एका लयीत दाणे उडवायला लागला. दोघं समोरासमोर मांडी घालून बसले होते. बोलत जवळजवळ नव्हते. मध्येच पावेलनं सांगितलं, की त्याची आई अशीच खसखशीची बोंडं फोडायला सगळ्यांना बसवायची. अण्णांनी मान हलवली आणि त्याच्यापुढे आणखी दाणे सरकवले.

मी स्वयंपाकघरात अक्कांना खोबरं खवून देत होते. त्या हळूच म्हणाल्या, "यांनी कोणाला घरी आणलं, बरं झालं. जर्मनीहून आल्यापासून यांचं हे असं आहे."

"जर्मनीवर फार राग आहे त्यांचा," मी म्हटलं.

"राग कसला," अक्का म्हणाल्या. मग भाताकडे बघत त्यांनी जे सांगितलं, ते अण्णांनी इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

सासूबाई अंथरुणाला होत्या, म्हणून अक्का इथेच राहिल्या आणि अण्णा तिकडे एकटे. रविवारी तिथे सगळं बंद. अण्णा सकाळपासून रस्ते धरून चालायचे. एका रविवारी त्यांना म्हाताऱ्या माणसांचा एक आश्रम दिसला, त्याचं कँटीन बाहेरच्यांनाही उघडं होतं. ते आत जाऊन कॉफी घेऊन बसले. लिफ्टपाशी चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी काहीतरी बोलली. अण्णांना भाषा येत नव्हती. त्यांना वाटलं, वर जायचंय; त्यांनी तिला तिसऱ्या मजल्यावर नेऊन सोडलं. तिला खाली बागेत जायचं होतं. पुढच्या रविवारी माफी मागायला म्हणून गेले, आणि बागेत घेऊन गेले. मग दर रविवारी. संत्रं सोलून द्यायचे. तिला यांचं बोलणं कळायचं नाही, यांना तिचं. अकरा महिने.

"एका रविवारी गेले, तर दारावर दुसऱ्याच कोणाचं नाव," अक्का म्हणाल्या. "खाली कचेरीत विचारलं. तिथल्या बाईनं विचारलं, तुम्ही नातेवाईक आहात का? हे म्हणाले, नाही. मग सांगता येणार नाही म्हणाली. गेली, की दुसरीकडे नेली, तेवढंही नाही. यांनी किती सांगितलं, मी दर रविवारी येतो. तिनं नियमाचा कागद दाखवला."

त्यांनी गॅस बारीक केला. "फोनवर मला एवढंच म्हणाले, संत्री घेऊन गेलो होतो. ती परत कशी न्यायची?"

मी खोबऱ्याची वाटी घेऊन बाहेर आले. पावेलनं बाह्या दुमडल्या होत्या. अण्णांनी त्याच्या पाठीमागे उशी लावून दिली होती, त्याला कळू न देता. मी वर्तमानपत्राच्या कडेला बसले आणि चार दाणे उचलले.

अण्णा बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होते.

"तुला येऊन किती वर्षं झाली गं बेंगळुरूला?"

"सहा," मी म्हटलं.

"आणि कोणाच्या घरी गेलीस? इथल्या?"

मी आठवून बघितलं. खोटं सांगावं असंही वाटलं. "आज पहिल्यांदाच अण्णा."

अण्णांनी चष्मा काढून पंच्यानं पुसला, परत लावला. मग आतल्या बाजूला तोंड करून अक्कांना म्हणाले, ही पण जेवायला आहे, आणि रात्रीचंही इथेच. पातेल्यातले ओंजळभर दाणे त्यांनी माझ्यापुढे ओतले, सरकून जागा केली, आणि दाणा अंगठ्यानं नव्हे तर बोटाच्या पेरानं दाबायचा असतो, हे मला पहिल्यापासून शिकवायला लागले.